आधी मतदारसंघ, मग पक्ष

४ जुलै २०२४ रोजी झालेल्या ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाला १४ टक्क्यांहून थोडी अधिक मतं पडली आणि जागा मिळाल्या पाच. लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, जेमतेम १२ टक्के मतं पडली. त्यांच्या जागा ७२. सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाचा हिशेब आणखी गमतीचा. २०१९ मध्ये दारुण हरताना या पक्षाला सुमारे एक कोटी तीन लाख मतं होती. २०२४ मध्ये ती ९७ लाखांवर आली आणि जागा मात्र दुपटीने वाढून चारशेच्या पुढे गेल्या. सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी ही पद्धत आपण तिथूनच घेतली असल्याने मराठी वाचकाला हे आकडे पाहून भोवळ येणार नाही. पण ज्याला तिथे मत द्यायचं आहे त्याने त्यातून एक गोष्ट आधीच समजून घ्यायला हवी. ‘मी कोणत्या पक्षाला पाठिंबा द्यावा?’ या प्रश्नाचं उत्तर ब्रिटनमध्ये निम्मं विचारांत असतं आणि निम्मं घराच्या पत्त्यात.

कॉमन्स सभागृहाच्या ६५० जागा आहेत आणि बहुतेक मतदारसंघ साधारण ७० ते ७७ हजार मतदारांचे. म्हणजे महाराष्ट्रातल्या सरासरी विधानसभा मतदारसंघाच्या चौथाईहूनही लहान. त्यामुळे प्रचाराचा बाजही निराळा. मैदानं भरवणाऱ्या सभा जवळपास नाहीत. कार्यकर्ते दोघे-तिघे मिळून दारोदार फिरतात, कोण आपलं आणि कोण कुंपणावर याची नोंद करतात आणि दाराच्या फटीतून पत्रकं टाकतात. मतदान रूढीनुसार गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०. यंत्र नाही, कागदी मतपत्रिका, दोरीला बांधलेली पेन्सिल आणि एक फुली. पंतप्रधानपदाच्या उमेदवाराचं नाव त्याच्या स्वतःच्या मतदारसंघाखेरीज कुठल्याच मतपत्रिकेवर नसतं.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. मे २०१५ ते जुलै २०२४ या काळात ब्रिटनने कॅमेरॉन, मे, जॉन्सन, ट्रस आणि सुनक असे हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे पाच पंतप्रधान पाहिले. लिझ ट्रस यांना पक्षाच्या सदस्यांनी निवडलं, ऋषी सुनक तर सदस्यांच्या मतदानाशिवायच नेतेपदी आले. सार्वत्रिक निवडणूक दोघांच्याही निवडीसाठी झाली नव्हती. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्याकडे पाहून मत दिलेल्या माणसाला पाच वर्षं पुरी व्हायच्या आत तिसरा पंतप्रधान बघावा लागला. नेत्याचा चेहरा हा पक्ष निवडण्याचा सगळ्यात सोपा निकष आहे आणि सगळ्यात कमी टिकाऊही.

दगडापेक्षा वीट मऊ

पत्त्याचा हिशेब कसा चालतो, ते ट्रस यांच्याच मतदारसंघात दिसलं. २०२४ मध्ये साउथ वेस्ट नॉरफोकमधून त्या ६३० मतांनी पडल्या. जिंकलेल्या मजूर उमेदवाराला मतं होती साधारण २७ टक्के. रिफॉर्म यूकेचा उमेदवार तिसरा आला आणि त्याने दहा हजारांच्या जवळपास मतं घेतली. यातल्या किती मतदारांना ट्रस पडाव्यात असं वाटत होतं आणि किती जणांना मजूर पक्ष नको होता, हे मतपत्रिका सांगत नाही. तिच्यावर एकच फुली मारता येते. दुसरी पसंती, तिसरी पसंती अशी सोय करावी का, यावर मे २०११ मध्ये सार्वमत झालं आणि दोन तृतीयांशांहून अधिक लोकांनी ‘नको’ म्हटलं.

म्हणून अनेक ब्रिटिश मतदार आवडीच्या पक्षाला मत देण्याऐवजी नावडत्याला पाडणाऱ्या उमेदवाराला मत देतात. हे तिथे राजरोस चालतं. दक्षिण इंग्लंडच्या सुखवस्तू भागांत मजूर पक्षाला मानणाऱ्या अनेकांनी २०२४ मध्ये लिबरल डेमोक्रॅट्सना मत दिलं, कारण तिथे हुजूर उमेदवाराशी झुंज तेच देऊ शकत होते. १२ टक्क्यांत ७२ जागा येण्याचं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे त्या पक्षाने आपली ताकद मोजक्या मतदारसंघांत ओतली. रिफॉर्मची मतं देशभर पातळ पसरली होती. लिबरल डेमोक्रॅट्सच्या पत्रकांवर हमखास एक आलेख असतो: दोन उंच खांब, एक बुटका, आणि खाली ‘इथे अमुक पक्ष जिंकूच शकत नाही’. हे खांब आकड्यांच्या प्रमाणात काढलेले नसतात, अशी थट्टा तिकडे नेहमी होते. शहाणा मतदार मागच्या निकालाचे आकडे स्वतः पाहतो. मात्र २०२४ पूर्वी मतदारसंघांच्या सीमा बदलल्या होत्या, त्यामुळे जुना निकालही जपूनच वापरावा लागला.

आपल्या एका मताने काय होणार, असं वाटणाऱ्यांसाठी त्याच रात्रीचे दोन निकाल पुरेत. लंडनच्या हेंडनमध्ये मजूर उमेदवार १५ मतांनी जिंकला आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या पूलमध्ये १८ मतांनी.

जाहीरनाम्यातलं बारीक अक्षर

जिथे दोन-तीन उमेदवारांमध्ये खरी चुरस आहे, तिथे मग जाहीरनामा उघडावा. ब्रिटनमध्ये त्याला आपल्याकडच्यापेक्षा थोडं जास्त वजन आहे. जाहीरनाम्यात कबूल केलेलं विधेयक लॉर्ड्स सभागृहाने दुसऱ्या वाचनाच्या वेळी अडवायचं नाही, असा संकेत १९४५ पासून पाळला जातो. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज ही संस्था प्रत्येक निवडणुकीत प्रमुख पक्षांच्या आश्वासनांचा हिशेब तपासते आणि पैसे कुठून येणार हे कोणी सांगितलेलं नाही, तेही स्पष्ट बोलते.

तरीही शब्द नीट वाचावे लागतात. २०२४ मध्ये मजूर पक्षाने प्राप्तिकर, व्हॅट आणि नॅशनल इन्शुरन्स वाढवणार नाही असं सांगितलं होतं. ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात नॅशनल इन्शुरन्सचा मालकांनी भरायचा हिस्सा १३.८ वरून १५ टक्क्यांवर गेला. वचन नोकरदारांपुरतं होतं, असं सरकार म्हणालं; वचन मोडलं, असं विरोधक म्हणाले. खाजगी शाळांच्या शुल्कावर व्हॅट लावू, हे मात्र जाहीरनाम्यात ठळक लिहिलं होतं आणि जानेवारी २०२५ पासून तो लागूही झाला. वचन मोडल्याची किंमत किती असू शकते, हे लिबरल डेमोक्रॅट्सना विचारावं. २०१० मध्ये त्यांच्या उमेदवारांनी विद्यापीठांची फी वाढू देणार नाही अशी लेखी हमी दिली. आघाडी सरकारात गेल्यावर तिची कमाल मर्यादा ९,००० पौंडांपर्यंत वाढली आणि २०१५ मध्ये त्यांच्या ५७ जागांच्या आठ झाल्या.

आणखी एक खाचखळगा नव्या मतदाराला सहसा माहीत नसतो. आरोग्य आणि शालेय शिक्षण हे विषय स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तिथल्या तिथल्या सरकारांकडे आहेत. वेस्टमिन्स्टरच्या प्रचारात रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्यांवर जे बोललं जातं, ते मुख्यतः इंग्लंडपुरतं असतं. एडिनबरामध्ये राहणाऱ्याने त्यावरून खासदार निवडला, तर त्याने चुकीच्या निवडणुकीचा पेपर सोडवला म्हणायचा. उत्तर आयर्लंडमध्ये तर मजूर पक्ष उमेदवारच देत नाही आणि शिन फेन पक्षाचे निवडून आलेले खासदार कॉमन्समध्ये बसत नाहीत.

‘आपला’ पक्ष असतो का?

यातलं काहीच मराठी माणसाला परकं नाही, कारण तो तिथे राहत असेल तर त्यालाही मत आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्याची परवानगी असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेसाठी मतदान करता येतं. कंपनीने पुण्याहून स्लाऊला पाठवलेला अभियंता आणि नागपूरहून लेस्टरला शिकायला गेलेली मुलगी, दोघंही वयाची १८ वर्षं पूर्ण असतील तर मतदारयादीत नाव नोंदवू शकतात. लंडनमधल्या फ्रेंच किंवा जर्मन नागरिकाला हा हक्क नाही. २०२४ पासून सार्वत्रिक निवडणुकीत छायाचित्र असलेलं ओळखपत्र लागतं आणि त्यासाठी भारतीय पासपोर्टही चालतो.

मग भारतीयांचा पक्ष कोणता? इतिहास या प्रश्नाची दांडी गुल करतो. ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले पहिले तीन हिंदी खासदार तिघेही मुंबईशी जोडलेले पारशी होते आणि तिघांचे पक्ष तीन. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल म्हणून निवडून आले, तेही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मताधिक्याने. मंचरजी भावनगरी १८९५ मध्ये बेथनल ग्रीनमधून हुजूर पक्षातर्फे जिंकले. टाटांच्या नात्यातले शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये मजूर पक्षाच्या पाठिंब्याने आणि १९२४ मध्ये कम्युनिस्ट म्हणून बॅटरसी नॉर्थमधून संसदेत गेले.

पक्षांचं वागणंही असंच सरमिसळ. केनियातल्या आशियाई लोकांची वाट अडवणारा १९६८ चा कायदा मजूर सरकारचा. १९७२ मध्ये इदी अमीनने हाकलून दिलेल्या युगांडातल्या आशियाईंना आश्रय दिला तो एडवर्ड हीथ यांच्या हुजूर सरकारने. वंशभेदाविरुद्धचा १९७६ चा कायदा पुन्हा मजूर पक्षाचा. अलीकडचं पाहायचं तर कुशल कामगारांच्या व्हिसासाठीची किमान पगाराची अट हुजूर सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० पौंडांवर नेली आणि मजूर सरकारने जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. त्याच महिन्यात भारत-ब्रिटन व्यापार करारावर सही झाली ती मजूर सरकारच्या काळात. त्याच्या वाटाघाटी मात्र २०२२ मध्ये हुजूर सरकारने सुरू केल्या होत्या. व्हिसाच्या खिडकीतून पाहिलं, तर दोन मोठ्या पक्षांत फरक आहे तो सुराचा. दिशेचा फारसा नाही.

गठ्ठा मतदानाच्या कल्पनेला २०२४ मध्ये लेस्टर ईस्टने धक्का दिला. भारतीय वंशाच्या मतदारांची मोठी वस्ती असलेला हा मतदारसंघ १९८७ पासून मजूर पक्षाचा गड होता. देशभर हुजूर पक्षाचं पानिपत होत असताना त्या पक्षाने प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेली एकमेव जागा ती हीच. शिवानी राजा तिथून जिंकल्या. मजूर पक्षाचेच दोन माजी खासदार पक्षाविरुद्ध उभे होते आणि मतं फुटली. शेजारच्या लेस्टर साउथमध्ये गाझाच्या प्रश्नावर मजूर पक्षाचा बडा नेता एका अपक्षाकडून पडला. एकाच शहरात एका रात्री मजूर पक्षाच्या दोन गडांना दोन वेगळ्या कारणांनी खिंडार पडलं.

तेव्हा पुढच्या वेळी, म्हणजे जास्तीत जास्त ऑगस्ट २०२९ पर्यंत, तिथे मत देणाऱ्याने प्रश्न याच क्रमाने विचारावेत: माझ्या मतदारसंघात खरी लढत कोणाकोणात आहे? त्यातल्या कोणाचं कोणतं वचन मला लागू पडतं? आणि निवडून आला नाही तर सगळ्यात जास्त बरं वाटेल असा कोण आहे? लढत अटीतटीची असेल तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फुली ठरवू दे. एकाच पक्षाचा गड असेल, तर मन मारून मत देण्यात काही अर्थ नाही; ते आवडीच्या पक्षालाच द्यावं. ज्यांची मतं ‘वाया गेली’ असं म्हणतात, त्या रिफॉर्म यूकेने २०२४ मध्ये ९८ जागांवर दुसरा क्रमांक पटकावला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या अनेक स्थानिक संस्था जिंकल्या. संसदेत शिरलेल्या विरोधी पक्षांना कामकाजासाठी सरकारी तिजोरीतून निधी मिळतो, तोही जागांबरोबर मिळालेल्या एकूण मतांवर मोजला जातो. पडणाऱ्या उमेदवाराचं मतही कुठेतरी जमेला धरलं जातं. न दिलेलं मत मात्र कोणीच मोजत नाही, आणि २०२४ मध्ये नोंदणी झालेल्या दर पाच मतदारांपैकी दोघांनी ते दिलं नव्हतं.