गोणीमागे अकरा पैसे

वसईजवळच्या नंदाखालमधल्या एखाद्या बांधकामावर सिमेंटची थप्पी दिसली, तर त्यातली पन्नास किलोची एकच गोणी हिशेबाला घ्या. 2017 च्या प्रमाणानं अल्ट्राटेकची अशी गोणी तयार होताना सुमारे साडेएकतीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा. टनामागे 632 किलो. भट्टीच्या कोळशापेक्षाही जास्त वायू खुद्द चुनखडी भाजताना तिच्यातून सुटतो.

फेब्रुवारी 2021 मध्ये मुंबईच्या या कंपनीनं 40 कोटी डॉलरचे रोखे काढले, भारतातले पहिले सस्टेनेबिलिटी-लिंक्ड बाँड. मुदत दहा वर्षं, व्याज 2.80 टक्के. अट अशी, की मार्च 2030 पर्यंत टनामागचा कार्बन 22.2 टक्क्यांनी घटवून 492 किलोंवर आणायचा. नाही जमलं, तर व्याज पाऊण टक्क्यानं वाढणार.

40 कोटींचा पाऊण टक्का म्हणजे 30 लाख डॉलर, तेव्हाचे सुमारे 22 कोटी रुपये. तपासणी मार्च 2030 ची आणि परतफेड फेब्रुवारी 2031 ची, म्हणजे हा दंड जेमतेम वर्षभराचा. कंपनीचा 2020-21 चा नफा सुमारे 5,460 कोटी होता, दिवसाला पंधरा कोटी. दीड दिवसाच्या कमाईत दंड फिटतो! 2022-23 मध्ये कंपनीची विक्री दहा कोटी टनांच्या पुढे गेली. दहा कोटी टन म्हणजे 200 कोटी गोण्या, आणि दंड गोणीमागे अकरा पैसे.

आता शेअर बाजाराकडे बघा. कॅरोलिन फ्लामर यांच्या 2021 च्या अभ्यासात हरित रोख्यांच्या घोषणेच्या आसपास कंपन्यांचे शेअर अपेक्षेपेक्षा सरासरी अर्धा टक्का जास्त वधारलेले आढळले. हरित रोख्यांचा पैसा ठरलेल्या कामालाच लागतो, इथे तो कुठंही वापरता येतो. तरी अंदाजापुरतं तेच माप लावू. तेव्हा अल्ट्राटेकचं बाजारमूल्य दीड लाख कोटींच्या वर होतं. त्याचा अर्धा टक्का साडेसातशे कोटी. वचन दिल्याबद्दल साडेसातशे कोटींची शाबासकी आणि ते मोडल्यास 22 कोटींचा दंड, हे प्रमाण मला भयंकर वाटतं.

इटलीच्या एनेल या वीज कंपनीनं असे रोखे 2019 मध्ये जगात पहिल्यांदा आणले. तिचं 2023 चं लक्ष्य विजेच्या युनिटमागे 148 ग्रॅम कार्बनचं होतं, आकडा आला 160. व्याज वाढलं, अवघ्या पाव टक्क्यानं.

शिवाय मोजमाप टनामागे आहे. गोणीमागचा वायू 22 टक्क्यांनी घटला आणि गोण्या दीडपट झाल्या, तर एकूण वायू 17 टक्क्यांनी वाढतोच. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. तशी राखण आज हिशेब मागूनही करता येते: इथं ज्यांची निफ्टी इंडेक्स फंडात एसआयपी आहे, ते सगळे अल्ट्राटेकचे कणभर मालक आहेत, आणि दंडाचं कलम तपासायचा त्यांना पुरेपूर हक्क आहे. लक्ष्य पूर्ण हुकलं, तर दहा कोटी टनांमागे वर्षाला एक कोटी चाळीस लाख टन जादा कार्बन हवेत राहील. 22 कोटींच्या दंडात त्याचा भाव टनाला सोळा रुपये पडतो. 2023 मध्ये युरोपच्या कार्बन बाजारात तो 80 युरोंच्या घरात होता, म्हणजे सात हजार रुपये.