घास, मोबाईल आणि बोबडे बोल

सांगोल्याच्या पेठेत वाढणाऱ्या मुलाच्या कानावर एकेकाळी किती तऱ्हेची भाषा पडत असे! काही घरांत आजी-आजोबांची गुजराती किंवा मारवाडी, काही घरांत मराठीच. दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाइकांची माणदेशी बोली, मंदिरात प्राकृत-संस्कृत पाठ, आणि रविवारच्या जनावरांच्या बाजारात खिलार खोंडाच्या सौद्याची घासाघीस. एवढ्या भाषांच्या गर्दीत मूल गोंधळून जात नसे. दोन-अडीच वर्षांचे होईपर्यंत ते ज्याच्याशी ज्या भाषेत बोलायचे त्याच्याशी त्याच भाषेत बोलू लागे.

आज त्याच पेठेतील घरात दीड वर्षाच्या मुलाला भरवताना समोर मोबाईल उभा केलेला दिसतो. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. घरे लहान झाली, लग्नसराईत आणि दिवाळीत दुकान रात्री उशिरापर्यंत चालते, घरातील स्त्रियाही व्यवसायात हातभार लावतात. मूल शांत बसते, चार घास पोटात जातात, एवढेच त्या वेळी पाहिले जाते. मात्र या शांततेची किंमत काय, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

अमेरिकेतील सिएटल येथे पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या, इंग्रजी घरांतील बाळांना चिनी भाषा ऐकवण्यात आली. काहींसमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळणी दाखवी, गोष्टी वाची. इतरांना तेच बोलणे पडद्यावर दाखवले. बारा बैठकींनंतर पहिल्या गटातील बाळे चिनी ध्वनींतील भेद ओळखू लागली. पडद्यासमोर बसलेल्यांना काहीच साधले नाही. ध्वनी तेच होते, बोलणाऱ्याही त्याच होत्या. फरक एवढाच की प्रत्यक्ष माणूस बाळाच्या नजरेकडे पाहून थांबतो, हसतो, त्याच्या हुंकाराला उत्तर देतो.

बोलणे ही देवघेव आहे. मूल ‘बा’ म्हणते, आई ‘बाबा आले का?’ म्हणते, मूल दाराकडे पाहते, आई पुन्हा बोलते. अशा शेकडो लहान व्यवहारांतून शब्द अर्थाला चिकटतात. मोबाईल मात्र एकतर्फी देत राहतो. मुलाने काही म्हटले काय, न म्हटले काय, त्याला पत्ता नसतो. म्हणूनच रंगांची आणि प्राण्यांची इंग्रजी नावे घडाघडा म्हणणारे मूल कधी कधी तहान लागल्यावर पाणी मागत नाही, नुसते बोट दाखवते किंवा रडते. नावे पाठ होणे वेगळे आणि भाषा येणे वेगळे.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पडदा चालू असला की घरातील मोठी माणसेही गप्प होतात. ऑस्ट्रेलियातील २२० कुटुंबांच्या पाहणीत मुलांच्या अंगावर लहान ध्वनिमुद्रक ठेवून हे मोजले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांच्या वयात पडद्याच्या दर जादा मिनिटामागे मुलाने मोठ्यांकडून सुमारे सात शब्द कमी ऐकले आणि स्वतः सुमारे पाच वेळा कमी आवाज काढले. अशा पाहणीतून पडदाच एकमेव कारण आहे असे सिद्ध होत नाही. मुळात अबोल मुलाच्या हाती मोबाईल अधिक जात असेल, हेही शक्य आहे. तरीही पडद्यासमोर गेलेला वेळ संभाषणाच्या वाट्यातून जातो, एवढे उघड आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले: दोन वर्षांच्या आत मुलाला पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको, त्याहून कमी तर उत्तमच. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्लाही असाच आहे. परगावच्या आजी-आजोबांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला मात्र ती सूट देते, कारण तिथे पलीकडचे माणूस उत्तर देते.

अनेक घरांत याच्या नेमका उलटा उपाय योजला जातो. मूल उशिरा बोलते म्हणून घरची गुजराती किंवा मारवाडी बंद करून त्याच्याशी केवळ इंग्रजीत बोलण्याचा सल्ला मिळतो. दोन-तीन भाषा ऐकल्याने मुलाचे बोलणे खुंटते, याला शास्त्राचा आधार नाही. आजीची भाषा बंद केली तर मुलाशी सर्वांत जास्त बोलणारे माणूसच मुके होते.

काही खुणा मात्र दुर्लक्षू नयेत. वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल किंवा बोटाने दाखवत नसेल, दीड वर्षाला एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरत असेल, तर ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ म्हणून थांबू नये. प्रथम श्रवणतपासणी करावी. केवळ मोबाईल बंद करून वाट पाहिली तर ऐकण्याचा दोष राहून जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून अंगणवाड्यांतील बालकांची तपासणी होते. तिचा लाभ सधन घरांनीही संकोच न करता घ्यावा.

उपाय घरातच आहेत. चौविहार पाळणाऱ्या घरांत सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी एकत्र होते; ती वेळ मोबाईलविना राहिली तरी पुष्कळ. चिऊकाऊचा घास भरवताना चिमणी खिडकीबाहेरची असावी. डाळिंब सोलताना ‘लाल’, ‘गोड’, ‘अजून हवे?’ हे शब्द दाण्यांबरोबर द्यावेत. दुकानात तासभर बसलेले मूल तागडीवरून जड-हलके शिकते आणि आलेल्या पाहुण्याला ‘जय जिनेंद्र’ म्हणून उत्तराची वाट पाहते. ते उत्तर मोठ्यांनी, हातातला फोन खाली ठेवून, आवर्जून द्यावे.