अर्जातील ओळ आणि मुलाखतीतील प्रश्न

नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांना मुलाखतीची जितकी धास्ती वाटते, तितकी अर्जासोबत जोडावयाच्या परिचयपत्राची, म्हणजेच बायोडेटाची, वाटत नाही. वस्तुतः मुलाखतीस आरंभ होतो तो त्या कागदापासूनच. त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे आपण होऊन परीक्षकांच्या हाती दिलेला एक प्रश्न असतो.

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचेच उदाहरण घ्या. तिच्या एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीस आहेत. उमेदवाराने आपले शिक्षण, गाव, छंद यांविषयी भरून दिलेली माहिती त्या वेळी मंडळापुढे असते. ‘वाचन’ हा छंद लिहिणाऱ्यास ‘अलीकडे काय वाचले?’ असे कोणीही विचारील. तेथे उत्तर सुचले नाही, तर त्या एका शब्दापायी साऱ्या अर्जाविषयीच शंका उत्पन्न होते.

तेव्हा ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ ही विशेषणे गाळा आणि केलेले काम लिहा. वडिलांच्या दुकानाचे हिशेब दोन वर्षे ठेवले असतील, तर तसे निःसंकोच नमूद करा. पुष्कळ होतकरू मुले-मुली असे काम ‘घरचेच’ म्हणून वगळतात आणि हाती असलेला उत्तम पुरावा गमावून बसतात. जाहिरात समोर ठेवून तिच्याशी जुळणाऱ्या गोष्टींना आधी स्थान द्या. तारखा प्रमाणपत्रांशी ताडून पाहा. केंद्र सरकारने २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या असल्या, तरी कागदपत्रांची पडताळणी तेथेही होतेच. शिक्षणात खंड पडला असल्यास तो लपवू नका. त्याचे खरे कारण एका वाक्यात सांगता आले म्हणजे पुरे.

नंतर तो कागद घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या हाती द्या. प्रत्येक ओळीवर त्यांना प्रश्न विचारू द्या व आपण मोठ्याने उत्तरे द्या. जेथे अडखळाल, ती ओळ सुधारा किंवा काढून टाका. प्रत्यक्ष मुलाखतीत एखादी गोष्ट ठाऊक नसल्यास तसे स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. भाषेचाही उगाच बाऊ करू नका. नागरी सेवेची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्यास मुलाखतही मराठीतून देता येते.

जागा एक आणि उमेदवार अनेक, अशा स्थितीत निवड आपल्या हाती नसते. परंतु विचारलेल्या प्रश्नास स्वतःच्या कामाच्या आधारे उत्तर देता यावे, एवढी तयारी मात्र सर्वस्वी आपल्याच हाती असते.