पद्मपूरचा शोध आणि गुणांचा हिशेब

गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ पदमपूर नावाचे एक खेडे आहे. आठव्या शतकातील नाटककार भवभूती याने आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून दक्षिणापथातील ज्या पद्मपुराचा उल्लेख केला आहे, ते पद्मपूर म्हणजेच हे पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले. दुर्ग भागात सापडलेला वाकाटकांचा एक अपुरा ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे, हा त्यांच्या युक्तिवादातील एक महत्त्वाचा दुवा. ही स्थाननिश्चिती सर्वांनाच पटेल असे नाही. परंतु ती खोडून काढावयाची म्हटली तरी मिराशींना वगळून पुढे जाता येत नाही. संशोधनाचा प्रभाव म्हणतात तो याहून निराळा काय असतो? आमगावच्या महाविद्यालयाला आज भवभूतीचे नाव आहे, आणि तेथील विद्यार्थी आपल्या तालुक्याचे नाते 'उत्तररामचरिता'शी सांगू शकतो.

मिराशी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवीत. निवृत्तीनंतर नागपूर विद्यापीठाशी त्यांचा संबंध मानसेवी प्राध्यापक म्हणून राहिला. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांनी संपादिलेला खंड १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्याआधीच, १९५७ साली, त्याच राजवंशावर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला होता. भवभूतीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९७४ चे, म्हणजे वयाची ऐंशी वर्षे उलटल्यानंतरचे. याच विद्यापीठाने भारतीय पुरातत्त्व विभागासमवेत १९६९-७० मध्ये पवनी येथे उत्खनन केले आणि शां. भा. देव व ज. प्र. जोशी यांचा अहवाल १९७२ साली छापून काढला. उत्खनन झाले की अहवाल वीस वीस वर्षे पडून राहावा, ही आपल्याकडील रीत लक्षात घेता ही तत्परता आजही अचंबा वाटावा अशीच आहे. विदर्भातील स्तूपांविषयी लिहिणाऱ्याला हा अहवाल आजही उघडावा लागतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाने २०२३ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेच्या छत्राखाली नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये आहेत. एवढ्या विस्ताराच्या सार्वजनिक विद्यापीठाचे संशोधन किती आणि कसे, हा प्रश्न शताब्दीनंतर विचारला जाणे स्वाभाविक होय. तक्रार आहे ती हा प्रश्न ज्या मापाने विचारला जातो त्या मापाविषयी.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून अध्यापकाच्या बढतीची सांगड गुणांकांशी घातली. २०१८ च्या नियमावलीतील कोष्टक पाहण्यासारखे आहे. भाषा व मानव्यविद्यांच्या अध्यापकाला मान्य नियतकालिकातील एका शोधनिबंधाचे दहा गुण. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या संपूर्ण ग्रंथाचेही दहाच. मिराशींचा ग्रंथ आणि आठ पानांचा निबंध या तराजूत समतोल ठरतात! अशा वेळी शहाण्या माणसाने ग्रंथ का लिहावा?

या कोष्टकाने काय घडविले ते लपून राहिलेले नाही. पैसे भरताच निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांचा बाजार उभा राहिला. विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या यादीत शिरलेल्या नियतकालिकांची तपासणी पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांनी बारकाईने पारखलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट प्रतीची निघाली, असा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. पुढे 'केअर' नावाची नवी यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करून निवडीचा भार संस्थांवर सोपविण्यात आला. यादी बदलली, मोजण्याची हौस मात्र कायम राहिली.

विज्ञानशाखांत निबंधाला किती जणांनी आधार म्हणून घेतले यावर प्रभाव ठरवितात. ही कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांची, १९५५ ची. पुढे ग्रंथपालाला कोणती नियतकालिके मागवावीत हे ठरविण्यास ती उपयोगी पडली. त्या साधनाने माणसांच्या बढत्या ठरू लागल्या. नियतकालिकाचा प्रभाव मोजताना सर्वसाधारणपणे मागील दोन वर्षांचेच निबंध धरतात. दोन वर्षे! आपली पारख करणारा समानधर्मी आज ना उद्या जन्माला येईल, कारण काळाला सीमा नाही, असा भरवसा बाळगणारा कवी ज्या जिल्ह्याचा म्हणून आपण सांगतो, तेथील अध्यापकाला हा हिशेब कसा रुचावा?

गोंदियातील महाविद्यालयीन अध्यापकाची स्थिती तरी पाहावी. सहायक प्राध्यापकाला आठवड्याचे सोळा तास शिकवावयाचे असते. परीक्षा, मूल्यांकनाच्या फायली, समित्या हे निराळेच. रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुणाचा प्रश्न तर संशोधनाचा नाही, उदरनिर्वाहाचा आहे. मोठे ग्रंथालय गाठावयाचे तर सुमारे १३० किलोमीटरवरील नागपूर. अशा माणसाने घाईने निबंध 'उरकला', तर सारा दोष त्याच्याच माथी मारणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आणि विषय तर त्याच्या दारात आहेत. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने या भागात तलाव बांधले. पुढे मालगुजारी गेली आणि ते 'माजी मालगुजारी', म्हणजे लोकांच्या तोंडचे 'मामा तलाव' झाले. कोणत्या उतारावर पाळ घालावी, सांडवा कोठे ठेवावा, पाण्याच्या पाळ्या कशा लावाव्यात, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. पोवारी बोली घराघरांत बोलली जाते, पण शाळेच्या दाराशी थांबते. महाराष्ट्रातील सारस पक्षी प्रामुख्याने उरले ते याच जिल्ह्याच्या धानाच्या बांध्यांत आणि तलावांकाठी. त्यांची गणना वर्षानुवर्षे स्थानिक कार्यकर्ते व शेतकरी यांच्या श्रमाने होत आली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा हीच निरीक्षणे महत्त्वाची ठरली. त्यांना गुण कोणी दिले नव्हते.

अशा कामाला मोजमापच नको, असे कोणी म्हणू नये. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागण्याचा लोकांना अधिकार आहे. परंतु विद्यापीठाच्या हाती काही साध्या गोष्टी आहेत. मराठीतील ग्रंथ, बोलीचा कोश, तलावाची सर्वेक्षण-वही यांची परीक्षा जाणकारांकडून करवून त्यांना निबंधाहून अधिक मोल देता येईल. क्षेत्रकार्य करणाऱ्या अध्यापकाचे तास एका सत्रापुरते निम्मे करता येतील. प्रबंधांच्या प्रती 'शोधगंगे'वर चढतात हे ठीकच; पण अर्जुनी-मोरगावच्या तलावांवरील प्रबंधाचा दहा पानांचा मराठी सारांश तेथील ग्रामपंचायतीकडे आणि पाटबंधारे कचेरीत पोचविण्यास कोणत्या नियमाची आडकाठी आहे? तलावाची पाळ कशी राखावी हे ज्यांना ठाऊक आहे, त्या माणसांची वये आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जाणाऱ्या अध्यापकाला निदान पुढल्या पावसाळ्यापूर्वी रजा मिळावी.