मोसम, बुंद आणि कॉफी : शिडाच्या जहाजांनी आणलेला माल व शब्द

गेल्या पावसाळ्यात पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसह बोलीची टिपणे घेण्यासाठी भंडारदऱ्यास जाण्याचा योग आला. प्रवरेवरील विल्सन धरणाच्या जलाशयापलीकडे, पश्चिमेस, घाटघरचा कडा आहे. समुद्रावरून येऊन कोकण ओलांडलेला वारा या कड्यावर आदळतो आणि त्याच्या पाण्यावरच 1910 ते 1926 या काळात बांधलेले हे धरण भरते. तेथे एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, ‘मोसमी वारे’ हा शब्द आपण इंग्रजी ‘मान्सून’वरून बनविला ना?” प्रश्न साधा होता, पण त्यामागील समजूत उलटी होती, आणि ती बरीच रूढ आहे. तिचे निरसन करावयाचे तर शिडाच्या जहाजांतून होणाऱ्या एका मालाच्या वाहतुकीकडे, म्हणजे कॉफीच्या वाहतुकीकडे, वळणे सोयीचे होईल. कारण त्या मालाची आणि या शब्दाची वाट एकच आहे.

अरबी ‘मौसिम’ या शब्दाचा मूळ अर्थ ठरलेला, खूण केलेला काळ असा आहे. अरबी समुद्रावर ये-जा करणाऱ्या खलाशांच्या दृष्टीने तो जहाजे हाकारण्याचा काळ होय. हाच शब्द पोर्तुगीजांनी ‘मोंसाऊं’ असा उचलला, आणि तेथून तो इंग्रजीत ‘मन्सून’ झाला. मराठीतील ‘मोसम’ हा मूळ शब्दाच्या अधिक जवळचा आहे, तर वृत्तपत्रांतील ‘मान्सून’ हा युरोपला वळसा घालून परत आलेला त्याचाच भाऊबंद आहे.

आता मालाकडे वळू. सतराव्या शतकात व अठराव्या शतकाच्या आरंभी जगाच्या बाजारातील कॉफीचे मुख्य उगमस्थान येमेन हे होते, आणि तिचे प्रसिद्ध बंदर मोखा. डोंगरांतील कॉफी बैत-अल-फकीहच्या पेठेत येई व तेथून उंटांवरून बंदरात उतरे. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशी मोख्याचा व्यवहार जुना होता. शिवाजी महाराजांच्या अमलाखालील बंदरांतून इराण, बसरा व मोखा येथे दरवर्षी व्यापारी जहाजे जात असत, असा उल्लेख 1665 च्या सुमाराच्या इंग्रज वखारींच्या पत्रव्यवहारात आहे.

या व्यवहाराचे वेळापत्रक वाऱ्याने ठरविलेले होते. हिवाळ्यात ईशान्येकडील वारा जहाजांना आपल्या किनाऱ्यावरून एडनच्या आखाताकडे नेई; तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकास त्या दिवसांत वारा दक्षिणेकडून वाहतो, त्यामुळे सामुद्रधुनीतून आत शिरून मोखा गाठता येई. उन्हाळ्यात दोन्ही वारे उलटतात. तांबड्या समुद्रातील उत्तरेचा वारा जहाजास बाहेर काढतो आणि पुढे नैर्ऋत्येचा वारा त्यास हिंदुस्थानाकडे लोटतो. तथापि जून-जुलैमध्ये हा वारा इतका प्रचंड असतो की कोकणची बंदरे बंद ठेवावी लागत. म्हणून परतीची जहाजे साधारणतः ऑगस्टमध्ये, वाऱ्याचा जोर ओसरू लागला म्हणजे, मोखा सोडीत. मोखा ते मुंबई हे अंतर सुमारे 1700 सागरी मैल आहे. ताशी चार सागरी मैलांच्या गतीने ते अठरा दिवसांत तुटते. श्रावणी पौर्णिमेस किनाऱ्यावर समुद्रास नारळ अर्पण करून दर्यावर्दी मोसम सुरू करण्याची जी प्रथा आहे, तिचा या गणिताशी असलेला मेळ उघड आहे. निघण्यास फार उशीर झाला तर वारा पडे, जहाज वर्षभर अडकून राही, आणि त्याबरोबर व्यापाऱ्याचे भांडवलही. शिडाला वारा फुकट मिळतो असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः त्याची किंमत काळाच्या रूपाने द्यावी लागे.

कॉफी हा माल तसा नाजूक. तिचा दाणा हवेतील ओल आणि शेजारचा वास दोन्ही शोषून घेतो. त्यामुळे गोण्या तळातील साचलेल्या पाण्यापासून उंच, लाकडी फळ्यांवर वा चटयांवर रचाव्या लागतात, आणि कातडी, सुकी मासळी किंवा उग्र मसाले यांपासून दूर ठेवाव्या लागतात.

या मालाबरोबर मराठीत आलेला शब्द ‘बुंद’ हा होय. अरबीत कॉफीच्या बीस ‘बुन्न’ म्हणतात आणि तिच्यापासून केलेल्या पेयास ‘कहवा’. मराठीत व गुजरातीत दाण्याला ‘बुंद’ हे नाव मिळाले. ‘बुंददाणा’ असा समासही झाला. अंत्य ‘न्न’चा ‘ंद’ कसा झाला? दंत्य अनुनासिकानंतर त्याच स्थानाचा स्पर्श व्यंजन उमटणे हे उच्चारदृष्ट्या स्वाभाविक आहे. त्यात थेंब वा कण या अर्थाच्या आपल्याकडील ‘बुंद’ शब्दाचे साहाय्य झाले असावे, असे मला वाटते.

‘कहवा’ मात्र मराठीत रुजला नाही. याचे एक कारण असे संभवते की मराठी उच्चारात त्याचे ‘कावा’ व्हावयाचे, आणि ‘कावा’ हा शब्द आपल्याकडे घोड्याच्या फेरीवरून डावपेच या अर्थाने आधीच पक्का झालेला होता. ‘गनिमी कावा’ म्हणणाऱ्या भाषेला पेयासाठी तोच शब्द वापरणे अडचणीचे झाले असावे. शेवटी ती जागा ‘कॉफी’ने घेतली. पण ‘कॉफी’ही ‘कहवा’च आहे. तुर्कीत तो ‘कहवे’ झाला, पुढे युरोपीय भाषांतून फिरत इंग्रजीत ‘कॉफी’ झाला, आणि इंग्रजी अमलात आपल्याकडे उतरला. ‘मोसम’ व ‘मान्सून’ यांचे जे नाते, तेच ‘कहवा’ व ‘कॉफी’ यांचे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘मोसम’सारखा शब्द दरबारी फारसीतूनही मराठीत आला असणे शक्य आहे. मग एखादा शब्द समुद्रावरून आला असे केव्हा म्हणावे? ज्या शब्दाचा विषय दरबारात नव्हताच, तो शब्द त्या धंद्याबरोबर आला असे मानण्यास बळकट आधार असतो. ‘सुकाणू’ (अरबी ‘सुक्कान’) किंवा वाट दाखविणारा ‘मालम’ (अरबी ‘मुअल्लिम’, म्हणजे शिक्षक) हे असे शब्द आहेत. जुन्या जकातीच्या यादीत ‘बुंद’ दिसल्यास त्याचा अर्थ थेंब असा करणारा वाचक अर्थाबरोबर एक संपूर्ण व्यापारमार्ग गमावून बसतो.

वाहतुकीची रीत शब्दांवर जसा ठसा उमटविते, तसा मालावरही उमटविते. पुढे हिंदुस्थानातच कॉफीचे मळे झाले आणि मलबार किनाऱ्यावरून ती शिडाच्या जहाजांनी, आफ्रिकेस वळसा घालून, युरोपास जाऊ लागली. पाच-सहा महिन्यांच्या त्या दमट प्रवासात हिरवा दाणा फुगून पिवळट होई व त्याची आंबट चव सौम्य होई. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटींनी प्रवास आटोपता केला, आणि ती चव नाहीशी झाली. परंतु गिऱ्हाइकांना तीच हवी होती. तेव्हा मंगळूरच्या बाजूस जून ते सप्टेंबर या काळात दाणे हवेशीर गोदामांत पसरून त्यांना मोसमी वारा देण्याची रीत पडली. ‘मान्सून्ड मलबार’ या नावाने ती कॉफी आजही विकली जाते व तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. जहाज गेले, पण त्याचा परिणाम मुद्दाम घडवून आणावा लागला.

आता शिडे पुन्हा परतू पाहत आहेत. इंजिन नसलेले ‘त्रेस ओंब्रेस’ हे जहाज 2009 पासून रम, कोको व कॉफी यांची वाहतूक करू लागले. 2024 मध्ये ‘आनेमोस’ हे फ्रेंच मालवाहू शिडाचे जहाज न्यूयॉर्कला गेले व तेथून पुढे कोलंबियातील कॉफी घेऊन फ्रान्सकडे परतले. आपल्या किनाऱ्यावर मात्र यंत्रांनी शिडांची जागा घेतली, आणि ज्यांनी शिडावर काम केले ते तांडेल आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या तोंडचे वाऱ्यांचे, दोऱ्यांचे व माल रचण्याचे शब्द टिपून घेण्यास फारसा अवधी उरलेला नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी भंडारदऱ्याच्या टिपणवह्या पुऱ्या करून पुढील मोसमात घाट उतरावा, अशी योजना आहे. त्यांना एवढीच सूचना द्यावीशी वाटते : शब्दापुढे केवळ ‘अरबी’ असे लिहून थांबू नये, तो कोणत्या वाटेने आणि कोणत्या मालाबरोबर आला, हेही विचारावे.