कूलंट गेले कुठे?

मोटरसायकलचे इंजिन म्हणजे पातळ पात्यांची चळत आणि त्यांतून खेळणारा वारा, हे चित्र आपल्याकडे फार काळ पक्के होते. २००८ मध्ये यामाहाची आर१५ आली, २०१२ मध्ये चाकणला तयार होणारी ड्यूक २०० आणि त्याच वर्षी पल्सर २०० एनएस आली, आणि रेडिएटर, वॉटर पंप, कूलंट हे मोटारगाड्यांचे शब्द दुचाकीच्या गॅरेजमध्ये रुळले. शब्दांबरोबर एक निदानही रुळले. बाटलीतली पातळी महिन्या-दोन महिन्यांनी उतरते, गाडीखाली थेंब मात्र दिसत नाही. म्हणजे हेड गॅस्केट गेली, इंजिन खोलावे लागेल. हे निदान कधी कधी खरे ठरते. पण त्याची सगळी भिस्त थेंब न दिसण्यावर असते, आणि थेंब न दिसणे हा हेड गॅस्केटविरुद्धचा पुरावा नव्हे. कूलंट कोणत्या वाटेने गेले, हे ते कुठल्या जागी आणि कोणत्या वेळी कमी झाले यावरून बहुतेक वेळा कळते, तेही इंजिनचा एक बोल्ट न सोडवता.

त्यासाठी रेडिएटरच्या कॅपकडे नीट पाहायला हवे. दिसायला ते साधे झाकण. प्रत्यक्षात त्यात दोन झडपा असतात. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे मिसळले की ते मिश्रण साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते. कॅपची स्प्रिंग आत सुमारे १.१ बारचा जादा दाब टिकवून धरते, त्यामुळे उकळण्याचे तापमान १२५ अंशांच्याही पुढे जाते. इंजिन तापले की लिटरभर कूलंट चाळीस-पन्नास मिलिलिटरने फुगते. हा फुगवटा मोठ्या झडपेतून नळीवाटे बाटलीत जातो, आणि इंजिन निवताना आत पोकळी तयार झाली की छोट्या झडपेतून परत ओढला जातो. समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा हा रोजचा व्यवहार आहे. त्यातली ओहोटी बिघडली, म्हणजे छोटी झडप अडकली, कॅपचे रबर कडक झाले किंवा बाटलीच्या नळीला चीर पडली, की गेलेले कूलंट परत येत नाही, त्याच्या जागी हवा शिरते. कूलंट बाटलीत साचते, बाटली भरून वाहते, आणि ‘गळती’ कुठेच सापडत नाही. म्हणून बाटलीवरची एक रेघ पाहून निष्कर्ष काढणे चूक आहे. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, कॅप उघडून रेडिएटरच्या तोंडाशीही पातळी पाहावी. (गरम इंजिनची कॅप कधीही उघडू नये. दाब सुटताच आतले कूलंट क्षणात उकळून अंगावर उसळते.) तोंडाशी काठोकाठ भरलेले आणि बाटलीत कमी असेल, तर व्यवस्था परत ओढण्याचे काम नीट करते आहे आणि कूलंट कुठेतरी हळूहळू झिरपते आहे. उलट तोंडाशी कमी आणि बाटली तुडुंब असेल, तर संशयित दोनच उरतात: कॅपची परतीची वाट, किंवा सिलिंडरमधून कूलंटमध्ये घुसणारा वायू.

झिरपणारे कूलंट दिसत का नाही, याचे उत्तर सोपे आहे. तापलेल्या सिलिंडरवर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही. धावत्या गाडीत रेडिएटरवरून वाहणारा वारा उरलेले काम करतो. पाणी उडून जाते. मागे राहते ती रंगाची वाळलेली पापडी, हिरवी, निळी किंवा गुलाबी, जसे कूलंट असेल तशी. शोध घ्यायचा तो ओलीचा नव्हे, या पापडीचा. काही गळत्या तर फक्त थंडीतच होतात: रबरी नळी निवून आकसते, क्लिप सैल पडते, आणि गॅरेजमध्ये गाडी तापलेली पोचेपर्यंत सारे पुन्हा घट्ट बसलेले असते. वॉटर पंपाची रचना मात्र प्रामाणिक आहे. त्याच्या दांड्यावर एकीकडे कूलंट अडवणारे आणि दुसरीकडे ऑइल अडवणारे सील असते, आणि दोन्हींच्या मधल्या जागेतून खाली एक बारीक छिद्र काढलेले असते. सील फाटले तर कूलंटने ऑइलमध्ये न जाता बाहेर यावे आणि मालकाला दिसावे, एवढ्यासाठीच ते छिद्र. चिखलाने ते बुजले, किंवा ‘इथून गळते आहे’ म्हणून कुणी त्यात लांबी भरली, की ही सावधगिरी वाया जाते. थंड इंजिनला हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून काटा पंधरा-वीस मिनिटे पाहिला, तर बाहेरच्या बहुतेक वाटा उघड्या पडतात.

आता हेड गॅस्केट. पूर्ण जोर असताना ज्वलनाचा दाब पन्नास बारच्या वर जातो, कूलंटचा जेमतेम एक. दोघांमधला पडदा फाटला तर इंजिन चालू असताना मुख्यतः वायू कूलंटमध्ये घुसणार, कूलंट सिलिंडरमध्ये कमीच. ते उलट्या दिशेने झिरपते ते जास्त करून इंजिन बंद केल्यावर, उरलेल्या दाबाने. म्हणून फाटलेल्या गॅस्केटची ठळक खूण पातळी उतरण्यापेक्षा बाटली चढण्यात आणि तीत बुडबुडे येण्यात आहे. कॅप आणि गॅस्केट यांच्यातला निवाडा करते ती वेळ. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत वरची नळी ताठ होऊ लागली, तर तो दाब उष्णतेचा असूच शकत नाही, कारण कूलंट अजून तापलेलेच नाही. तरीही खात्री हवी असेल तर रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या निळ्या द्रावातून सोडावी. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल तयार करतो आणि निळा रंग पिवळा होतो.

यावर पहिला आक्षेप सायलेन्सरमधून निघणाऱ्या पांढऱ्या वाफेचा. पण लिटरभर पेट्रोल जळले की जवळपास लिटरभर पाणी तयार होते, आणि हिवाळ्यातल्या सकाळी ते दिसणारच. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट, गोडसर वासाची वाफ येत राहिली तरच तिला वजन द्यावे. ऑइलच्या झाकणाखालची दुधी साय तशीच: रोज दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती साचलेल्या बाष्पाची असू शकते, आतले सगळे ऑइल दुधाळ झाले असेल तर मात्र गाडी सुरू करू नये. दुसरा आक्षेप असा की थोडे कूलंट ‘आटतेच’. हे अर्धे खरे आहे. बाटलीला बाहेरची हवा लागते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तीतले पाणी थोडे उडणारच. कूलंट नवे भरल्यावर अडकलेली हवा निघते तेव्हाही पातळी एकदा-दोनदा उतरते. पण अडकलेली हवा लवकरच निघून जाते आणि उन्हाळा काही महिन्यांत सरतो. पावसाळ्यातही दर पाचशे किलोमीटरला तितकेच मिलिलिटर लागत असतील, तर ते आटणे नव्हे. म्हणून बाटलीत घातलेले कूलंट सिरिंजने मोजावे आणि आकडा किलोमीटरसह लिहून ठेवावा.

तिसरा आक्षेप गॅरेजचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: एवढ्या चाचण्यांत वेळ घालवण्यापेक्षा गॅस्केट बदलून टाकलेली काय वाईट? वाईट हे, की त्या कामात कूलंट नवे भरले जाते, नळ्या पुन्हा बसतात, क्लिपा आवळल्या जातात. मग गळती थांबली तर श्रेय गॅस्केटला मिळते, काम कदाचित क्लिपने केलेले असते. शिवाय पंखा फिरत नसल्याने सिग्नलवर कूलंट उकळून बाहेर पडत असेल, तर नवी गॅस्केट काहीच करत नाही. गळती बुजवणारी भुकटी तर मुळीच टाकू नये. ती चिरेपेक्षा रेडिएटरच्या बारीक नळ्याच आधी बुजवू शकते. कॅप बदलली, दाब टिकला, पंखा फिरतो, पंपाचे छिद्र कोरडे आहे आणि तरीही निळा द्राव पिवळा होतो, असे असेल तर हेड खुशाल उघडावे. उघडल्यावर मालकाने जुनी गॅस्केट मागून घ्यावी. वायू जिथून सुटत होता तिथे सिलिंडरच्या कड्यावरून पाण्याच्या वाटेपर्यंत सहसा काळपट पट्टा उमटलेला असतो, आणि कूलंट आत येत असेल तर पिस्टनचा माथा त्या बाजूला धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. यांपैकी एकही खूण नसेल, तर दोष बहुधा अजून गाडीतच आहे.