इंजिनाची जन्मतारीख कशी शोधायची?

बल्लारपूरच्या लाकूड आगारात कधी गेलात तर सागाच्या ओंडक्याची कापलेली बाजू नीट पाहा. एकाभोवती एक अशी कडी दिसतात. सागाला साधारण वर्षाला एक कडं पडतं, म्हणून कडी मोजली की झाडाचं वय कळतं. लोखंडाचं तसं नाही. ओतीव लोखंडाचा इंजिन ब्लॉक पन्नास वर्षं शेडमध्ये पडून राहिला तरी गंजाशिवाय त्याच्या अंगावर काही वाढत नाही. मग तो कधी बनला हे ओळखायचं कशावरून?

हा प्रश्न नुसता हौशी लोकांचा नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत कच्च्या रस्त्यांमुळे जीप ही गरजेची गाडी होती. अजूनही एखाद्या गावात गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली जुनी जीप सापडते. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षं चालते. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅली अशा कामापुरतीच रस्त्यावर काढता येते. पण एक महत्त्वाची अट आहे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे इंजिन कधीचं आहे आणि ते याच गाडीचं आहे का, या दोन प्रश्नांवर गाडी जपायची की भंगारात द्यायची ते ठरू शकतं.

एक नाही, चार तारखा

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. इंजिनाला एकच जन्मतारीख नसते, निदान चार तारखा असतात. पहिली, ब्लॉक फाउंड्रीत ओतला ती. दुसरी, मशिनिंग होऊन इंजिन जोडलं गेलं ती. तिसरी, ते गाडीत बसून गाडी कारखान्याबाहेर पडली ती. चौथी, आरटीओत पहिली नोंदणी झाली ती. इंजिन मूळचंच असेल तर हा क्रम उलटा होऊच शकत नाही. मात्र दोन तारखांमधलं अंतर काहीही असू शकतं. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप लिलावात विकली गेली असेल, तर कारखान्यातून निघाल्यावर कित्येक वर्षांनी तिची पहिली नागरी नोंदणी झालेली असते. त्यामुळे आरसी बुकावरची तारीख एवढंच सांगते की गाडी ‘याच्या नंतरची नाही’. ‘याच्या आधीची नाही’ हे मात्र इंजिनाकडूनच काढून घ्यावं लागतं.

उठावाचे आकडे आणि खोल आकडे

आपण फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये वाळूचा साचा केला होता, आठवतं? पॅटर्नवर अक्षर उठावाचं असेल तर वाळूत ते खोल उमटतं आणि ओतलेल्या तुकड्यावर पुन्हा उठावाचं येतं. म्हणून ब्लॉकवर जे आकडे वर आलेले दिसतात ते फाउंड्रीचे. त्यातला मोठा आकडा बहुतेक वेळा कास्टिंग नंबर असतो. तो पॅटर्नचा नंबर, त्यामुळे हजारो ब्लॉकवर एकच. लोक यालाच इंजिन नंबर समजून फसतात. त्याच्या आसपास कधी कधी एक छोटी पट्टी दिसते. ती पॅटर्नवर स्क्रूने बसवतात आणि बदलत राहतात. ती ओतकामाची तारीख. गंमत अशी की कित्येक कारखाने तिच्यात महिना आणि दिवसच टाकत, वर्ष नाही. त्यांना खराब निघालेली घाण शोधायला तेवढं पुरे होतं. साठ वर्षांनी आपण वर्ष विचारत येऊ याची त्यांना काय कल्पना!

खरा इंजिन नंबर पंचने ठोकलेला असतो, म्हणजे खोल. तो मशिनिंग केलेल्या सपाट जागेवर असतो. विलीजच्या युद्धानंतरच्या जीप इंजिनात ही जागा ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, पाण्याच्या पंपाच्या उंचवट्यावर आहे. नंबराच्या सुरुवातीची अक्षरं कामाची. ‘एमबी’ म्हणजे युद्धकाळातली विलीज, ‘जीपीडब्ल्यू’ म्हणजे तीच जीप पण फोर्डने बनवलेली. युद्धानंतरच्या नागरी सीजे-२एला ‘जे’, १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बीला ‘४जे’. नंबराच्या शेवटी कधी ‘ए’ किंवा ‘बी’ असतं. ते वर्षाचं अक्षर नव्हे, बरं का. ‘ए’ म्हणजे बेअरिंग ०.०१० इंच अंडरसाइज आणि ‘बी’ म्हणजे पिस्टन ०.०१० इंच ओव्हरसाइज. कारखान्यात थोडा कमी-जास्त झालेला क्रँक किंवा ब्लॉक फेकून न देता वापरला, त्याची ही नोंद.

झडपा कुठे आहेत ते पाहा

नंबर गंजून गेला असेल तर? मग रचना बोलते. युद्धातल्या जीपचं इंजिन साइड व्हॉल्व्ह होतं. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही झडपा ब्लॉकमध्ये, वर नुसतं चपटं हेड आणि त्यावर प्लग. ताकद ६० हॉर्सपॉवर. १९५० मध्ये विलीजने एफ-हेड इंजिन आणलं. यात इनलेट झडप हेडमध्ये गेली, एक्झॉस्ट खालीच राहिली. त्यामुळे वर रॉकरचं झाकण आलं, इंजिनाची उंची वाढली आणि सीजे-३बीचं बॉनेट उंच करावं लागलं. आपल्याकडे जी उंच बॉनेटची जीप ओळखीची आहे ती हीच.

आता गणित करा. दोन्ही इंजिनांचा बोअर ३ १/८ इंच (७९.४ मिमी) आणि स्ट्रोक ४ ३/८ इंच (१११.१ मिमी). चार सिलिंडरचे मिळून सुमारे २२०० सीसी. दोन्हींचे सारखेच! म्हणजे आरसी बुकातल्या सीसीवरून दोन्ही इंजिनं वेगळी काढता येत नाहीत, डोळ्यांनी झाडपा पाहायला हव्यात असं म्हणण्यापेक्षा वरचं झाकण पाहिलं तरी पुरे. आणि पिस्टनच्या माथ्यावर ‘०३०’ दिसलं तर तो सन १९३० नाही. ब्लॉक ०.०३० इंच रिबोअर झाला आहे, आणि सीसी सुमारे ४२ ने वाढली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अँबेसेडरचंही असंच आहे. १९५७ साली आली तेव्हा तिच्यात साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, पुढे १९५९ च्या सुमारास १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन आलं. झडपांची जागा म्हणजे इंजिनाचं कडंच समजा.

सुटे भाग काय सांगतात

इंजिनावर लटकलेल्या भागांवर कंपन्यांची नावं असतात. मायको कंपनी १९५१ ची, आणि २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं. लुकास-टीव्हीएस १९६१ ची. म्हणून डिस्ट्रिब्युटरवर लुकास-टीव्हीएस लिहिलं असेल तर तो भाग १९६१ च्या आधीचा नाही. पितळी पट्टीवर पत्ता असेल तर तोही वाचा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. ‘बॉम्बे’ पुढे सहा आकडी पिन असेल तर पट्टी १९७२ नंतरची. ‘मुंबई’ लिहिलं असेल तर बहुधा १९९५ नंतरची.

पण सावध! डायनामो, कार्बोरेटर, प्लग हे बदलले जाणारे भाग. ते स्वतःचं वय सांगतात, ब्लॉकचं नाही. सगळ्यात नवा भाग म्हणजे शेवटच्या दुरुस्तीची तारीख.

कागदांचंही तसंच वाचन करता येतं. आपला जिल्हा १९६४ पर्यंत ‘चांदा’ होता. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. एमएच-३४ आणि एमएच-३३ ही पद्धत १९८९ मध्ये लागू झालेल्या नव्या मोटार कायद्यानंतरची. जुन्या बुकावर शिक्का कुठला आहे यावरून ते बुक खरंच त्या काळचं आहे का हे पडताळता येतं.

मूल तालुक्यातली जीप

हे सगळं आम्ही एकदा करून पाहिलं. माझ्या रूम पार्टनरच्या मामाजींकडे मूल तालुक्यात एक पेट्रोल जीप उभी आहे. एक व्यापारी त्यांना म्हणाला होता, “इंजिन बेचाळीसचं आहे, लढाईतलं. फक्त इंजिन मला द्या, गाडीत डिझेल बसवून देतो.” भाव बरा होता. मामाजींनी आम्हाला विचारलं, “पोट्टेहो, तुमी इंजिनेरिंग शिकून राहिले ना? मंग सांगा, हे खरंच बेचाळीसचं हाय का?”

बॉनेट उघडलं आणि पहिल्या मिनिटात अर्धं उत्तर मिळालं. वर रॉकरचं झाकण. म्हणजे एफ-हेड, म्हणजे १९५० च्या आधीचं असणं शक्यच नाही. पुढच्या जाळीला सात फटी होत्या. युद्धातल्या जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ असतात. मग रॉकेल आणि पितळी ब्रशने पंपाजवळचा उंचवटा साफ केला. टॉर्च वरून मारला तर काही दिसेना, पण अगदी आडवा धरल्यावर सावलीत आकडे उठले. सुरुवातीला ‘४जे’, शेवटी ‘ए’. पार्टनर लगेच म्हणाला, ‘ए’ म्हणजे पहिलं वर्ष असणार. त्याला बेअरिंगचा हिशेब सांगितला तेव्हा तो गप्प झाला.

मामाजींनी कोठीतून ट्रंक आणली. आत जुनं नोंदणी बुक, शिक्का चांद्याचा, नोंदणी १९६२ ची. बुकातला इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर आकड्याला आकडा जुळला. उठावाच्या तारखेत महिना आणि दिवस होता, वर्ष नव्हतं. डिस्ट्रिब्युटर लुकास-टीव्हीएसचा, पण तो नंतर बदललेला असू शकतो, म्हणून त्याला साक्षीत घेतलं नाही.

आमचं उत्तर असं आलं: इंजिन १९५३ ते १९६२ मधलं. लढाईचं नाही, पण याच गाडीचं. मी मामाजींना नियम समजावला. इंजिन काढून डिझेल बसवलं तर गाडीचं मूळपण गेलं, मग व्हिंटेज नोंदणीचं नाव काढायला नको. मामाजी जरा वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, “म्हंजे लढाईतलं नाही, घरचंच हाय. मंग राहू द्या घरीच.”

हे मात्र करू नका

नंबर दिसत नाही म्हणून ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर लावू नका. जो पुरावा शोधायचा तोच त्यात जातो. ताज्या घासलेल्या उंचवट्यावरचे चकचकीत आकडे दिसले तर संशय घ्या, चोरीच्या गाडीचं ते पहिलं लक्षण. पंच मारताना आकड्याखालचं लोखंडही थोडं दाबलं जातं, म्हणून घासलेला नंबर आम्लाने एच करून काही वेळा परत उठवता येतो. पण ते काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं आहे, होस्टेलच्या खोलीतलं नाही! आपल्यासाठी पातळ कागद आणि पेन्सिल पुरे. कागद आकड्यांवर ठेवून शिसं हलकं फिरवा, ठसा येतो. मग फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून.

आणि निकाल लिहिताना जर्नलमध्ये लिहितो तसाच लिहा. व्हर्नियरने मोजताना आपण लीस्ट काउंट सांगतो ना? तसंच इथेही. ‘१९५८’ असं एकच वर्ष ठोकून देण्यापेक्षा ‘अमुक सालाच्या आधीचं नाही, कारण रचना, तमुक सालाच्या नंतरचं नाही, कारण नोंदणी’ असं लिहिलेलं उत्तर जास्त खरं असतं. व्यापारी नेहमी एकच वर्ष सांगतो, आणि तेही त्याच्या सोयीचं.

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा शेडमध्ये डोकावून बघा. जीप असो, जुनी फियाट असो की मळणीवर लावलेलं नुसतं इंजिन. भंगारवाल्याचा काटा यायच्या आधी त्याच्या नंबराचा ठसा आणि कागदांचा फोटो तेवढा घेऊन ठेवा. वजनावर गेलेल्या इंजिनाची तारीख मग कोणालाच काढता येत नाही.